शेवटच्या काळावरून वाद पेटला की नवख्याने कुठून सुरुवात करायची

गोव्यात राहता आणि चर्चशी, बिलिव्हर मंडळींशी (म्हणजे जुनं चर्च सोडून नव्या प्रार्थना-सभांना जाणारे) किंवा नुसतं ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलाशी तुमचा संबंध येतो म्हटल्यावर हा विषय कधी ना कधी समोर येणारच. कुठे युद्ध पेटलं, कुठे भूकंप झाला की संध्याकाळपर्यंत कोणीतरी व्हॉट्सॲपवर प्रकटीकरणातली, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली, चार वचनं टाकतो आणि खाली लाल अक्षरात 'शेवट जवळ आला'. मग एक म्हणतो रॅप्चर होणार, म्हणजे विश्वासणारे वर ढगांत उचलले जाणार, दुसरा म्हणतो असलं काही बायबलात नाहीच, तिसरा पोपवर घसरतो, आणि मग कोण मूर्तिपूजा करतं आणि कोणी आजोबांचा धर्म सोडला इथपर्यंत मजल जाते. मूळ प्रश्न काय होता ते कोणालाच आठवत नाही.

हे लिहितोय ते ह्यात नवीन आलेल्यांसाठी. कोणी नुकतंच बायबल स्टडीला जायला लागलंय, कोणी लग्न होऊन मिक्स घरात आलीय, कोणी हिंदू घरातला आहे आणि मित्र नेमके कशावरून भांडतायत हेच त्याला कळत नाही. माझं घर असंच आहे, माझ्याकडचे मिरजेकडचे मराठी प्रोटेस्टंट, बायकोकडचे बार्देशचे कॅथलिक, आणि साडू आता बिलिव्हर झालेला, त्यामुळे नाताळच्या जेवणाला सगळे पक्ष हजर असतात आणि सोरपोतेलाबरोबर दानीएलाची सत्तर सप्तकंपण वाढली जातात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वाद वचनांवर फारसा नसतो, वचनं सगळ्यांची तीच. वाद असतो तो जोडांवर, म्हणजे हे वचन त्या वचनाला जोडायचं की नाही, आणि जोडायचं तर मध्ये किती वर्षांची जागा सोडायची. ते जोड दिसायला लागले की निम्मं भांडण तुम्हाला शांतपणे ऐकता येतं.

१. आधी पानं कुठली ते बघा

सगळं बायबल वाचायची गरज नाही. भांडणं होतात ती ठरावीक पानांवर. जुन्या करारात दानीएल २, ७, ८, ९ आणि ११-१२, आणि यहेज्केल ३८-३९ म्हणजे गोग-मागोग. नव्या करारात मत्तय २४ आणि त्याची भावंडं मार्क १३ नि लूक २१, पौलाच्या थेस्सलनीकाकरांच्या दोन पत्रांतले दोन उतारे, आणि शेवटी अर्थातच प्रकटीकरण, बावीस अध्याय. प्रकटीकरण एका बैठकीत मोठ्याने वाचा, साधारण दीड तास लागतो. सुटी वचनं वाचून हे पुस्तक कोणालाच कळलेलं नाही.

वाचताना पेन्सिल घेऊन बसा आणि लोकांनी सांगितलेली गोष्ट नेमकी कुठल्या पानावर आहे ते शोधा. 'सात वर्षांचं महासंकट' घ्या. प्रकटीकरणात साडेतीन काळ, बेचाळीस महिने, बाराशे साठ दिवस हे सगळं सापडतं (तीस दिवसांचा महिना धरला तर तिन्ही एकच), पण महासंकट सात वर्षांचं असं कुठेच नाही. सात वर्षं येतात दानीएल ९:२७ मधल्या शेवटच्या सप्तकावरून (एक सप्तक म्हणजे सात वर्षं धरून). म्हणजे कोणीतरी दानीएल घेऊन प्रकटीकरणाला जोडलाय. जोड चूक असं मी म्हणत नाही, पण तो जोड आहे, छापलेलं वाक्य नाही.

आणखी एक, हातात बायबल कुठलं आहे तेही बघा. कॅथलिक बायबलात दानीएलाचे चौदा अध्याय असतात, प्रोटेस्टंट बायबलात बारा. शिवाय कॅथलिकांकडे मक्काबींची पुस्तकं आहेत, आणि पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात अंतियोख एपिफनेस राजाने इ.स.पू. १६७ च्या सुमारास यरुशलेमेच्या मंदिराची विटंबना कशी केली ते लिहिलंय, दानीएलातले तेच शब्द वापरून. त्यामुळे कॅथलिक वाचक दानीएल ११ वाचतो तेव्हा त्याला लगेच अंतियोख आठवतो, आणि ज्याच्या बायबलात ते पुस्तकच नाही तो सरळ भविष्यात उडी मारतो. माझ्या सासऱ्यांचं आणि साडूचं ह्यावरून वाजलं तेव्हा दोघंही आपापलं पुस्तक प्रामाणिकपणे वाचत होते.

२. समोरचा कुठल्या घराण्याचा ते ओळखा

गाण्यात कशी घराणी असतात, राग तोच पण मांडणी वेगळी, तशी प्रकटीकरण वाचायची ढोबळ चार घराणी आहेत. पहिलं म्हणतं ह्यातलं बहुतेक सगळं पहिल्या शतकातच घडलं, रोमन साम्राज्य, नीरो, इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती तीतसाच्या सैन्याने यरुशलेम पाडलं ते. दुसरं म्हणतं हा ख्रिस्तापासून शेवटापर्यंतचा चर्चचा सलग इतिहास आहे, प्रत्येक शिक्का नि प्रत्येक कर्णा म्हणजे एकेक युग. तिसरं म्हणतं चौथ्या अध्यायापासून पुढचं सगळं अजून व्हायचंय. चौथं म्हणतं तारखा शोधूच नका, हे कुठल्याही काळातल्या जुलमी सत्तेचं आणि देवाच्या विजयाचं चित्र आहे.

गोव्यात कानावर पडतं ते जास्त करून तिसरं, कारण पेंटेकॉस्टल सभा आणि यूट्यूबवरचे पास्टर बहुतेक त्याच घराण्याचे. चर्चमध्ये शिकलेल्या फादरना विचारलंत तर पहिलं आणि चौथं मिसळून सांगतील. दुसरं आता ॲडव्हेंटिस्ट सोडले तर कमीच ऐकू येतं, पण एकेकाळी प्रोटेस्टंटांचं ते मुख्य घराणं होतं, लूथरपासून कितीतरी जणांनी पोपलाच ख्रिस्तविरोधी ठरवलं ते ह्याच मांडणीतून. आजही कोणी गोव्यातल्या कॅथलिक घरात बसून हे बोलला की चहा थंड होतो.

गंमत म्हणजे ह्या आरोपाच्या काळात दोन स्पॅनिश जेझुइटांनी (कॅथलिकांमधला एक धर्मसंघ) प्रकटीकरणावर मोठी भाष्यं लिहिली. फ्रान्सिस्को रिबेरा, १५९० च्या आसपास, म्हणाला की बरंचसं शेवटच्या काळातलं आहे. लुईस दे अल्काझार, ज्याचं पुस्तक १६१४ मध्ये आलं, म्हणाला की बरंचसं होऊन गेलंय. एकाच संघाचे दोन माणूस, एक पुढे बघणारा नि एक मागे. तेव्हा 'भविष्यवाली मांडणी ती आमची, कॅथलिकांना ती ठाऊकच नाही' असं कोणी छातीठोक सांगितलं तर नुसतं हसा.

३. ६६६ चं गणित एकदा स्वतः करा

ह्यावर जरा वेळ घालवा, कारण प्रत्येक भांडण फिरून इथेच येतं. प्रकटीकरण १३:१८ म्हणतं की श्वापदाची (त्या अध्यायातल्या देवाविरुद्धच्या सत्तेची) संख्या मोजा, ती माणसाची संख्या आहे. त्या काळी ग्रीक नि हिब्रूत आकड्यांसाठी वेगळी चिन्हं नव्हती, अक्षरांनाच किंमत असायची, त्यामुळे कुठल्याही नावाची बेरीज करता यायची. 'नेरॉन केसर' हे हिब्रू अक्षरांत लिहा: नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, मग कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज ६६६.

आता पुढचं बघा. काही जुन्या हस्तलिखितांत ६६६ च्या जागी ६१६ आहे, इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसला सापडलेल्या एका पपायरसवर तो आकडा स्पष्ट वाचता येतो, आणि दुसऱ्या शतकात इरेनियस ह्या बिशपलाही हा पाठ माहीत होता (त्याला तो पसंत नव्हता). 'नेरॉन'मधला शेवटचा नून काढून लॅटिन पद्धतीने नुसतं 'नेरो' केलं तर ५० कमी होतात आणि बेरीज येते बरोब्बर ६१६. पहिल्या घराण्याचा हा सगळ्यात जोरदार मुद्दा, आणि मला तो पटतो.

पण थांबा. इरेनियस नीरोनंतर शंभर-सव्वाशे वर्षांनीच लिहीत होता आणि तो नीरोचं नाव घेतच नाही, तो वेगळीच तीन ग्रीक नावं पुढे करतो आणि वर सांगतो की नाव ठामपणे ठरवू नका. म्हणजे इतक्या जवळच्या माणसालाही नीरो सुचला नाही. तिसऱ्या घराण्याचे लोक हे दाखवतात आणि त्यांचंही म्हणणं टाकून देण्यासारखं नाही.

एवढं स्वतः केलंत की पुढच्या वेळी कोणी इंग्लिश स्पेलिंगवरून एखाद्या पुढाऱ्याचं ६६६ काढून दाखवलं तर तुम्ही फक्त एक विचारायचं, 'बाबा, ए ला सहा आणि बी ला बारा हे कोणी ठरवलं?'

४. हजार वर्षं

प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात हजार वर्षांचं राज्य येतं, सहा वेळा उल्लेख, सगळे त्याच अध्यायात. ख्रिस्त आधी येणार आणि मग पृथ्वीवर हजार वर्षं राज्य करणार हे एक मत. चर्चच्या कामाने जग हळूहळू सुधारत जाऊन ते हजार वर्षांचं युग येणार आणि ख्रिस्त त्याच्यानंतर येणार हे दुसरं, आणि १९ व्या शतकात मुंबईला नि दख्खनेत शाळा-दवाखाने काढायला आलेल्या बऱ्याच अमेरिकन मिशनऱ्यांच्या मनात हीच आशा होती. पहिल्या महायुद्धानंतर ही आशा धरणारे कमी झाले, का ते सांगायला नको. तिसरं मत जुन्या काळातल्या संत ऑगस्टीनचं, हजार हा आकडा प्रतीक आहे आणि ते राज्य म्हणजे आत्ताचा चर्चचा काळच. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बरेचसे जुने प्रोटेस्टंट पंथ ह्याच वाटेने जातात.

रोमने १९४४ मध्ये स्पष्ट सांगितलं की ख्रिस्त शेवटच्या न्यायाआधी दृश्य रूपात येऊन इथे राज्य करणार ही शिकवण सौम्य रूपातही सुरक्षितपणे शिकवता येणार नाही. म्हणून फादरसमोर हजार वर्षांचा चार्ट उघडलात तर ते का गप्प बसतात ते समजून घ्या. पण ह्याचा अर्थ 'कॅथलिक शेवटावर विश्वासच ठेवत नाहीत' असा लावू नका, हा बिलिव्हर पोरांचा लाडका गैरसमज आहे. दर रविवारच्या मिसात ते म्हणतात की तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येईल, आणि चर्चला शेवटी एका मोठ्या कसोटीतून जावं लागेल असं त्यांचं कॅटेकिझम (शिकवणीचं अधिकृत पुस्तक) परिच्छेद ६७५ मध्ये स्वतःच सांगतं.

५. रॅप्चर

खटका सगळ्यात जोरात उडतो तो इथे. १ थेस्सलनीकाकरांस ४:१६-१७, कर्णा वाजेल, मेलेले उठतील, मग जिवंत असलेले ढगांत वर घेतले जातील. येशू येणार हे रॅप्चर मानणारे नि न मानणारे दोघांनाही मान्य. प्रश्न हा की हे वर घेणं आणि त्याचं सगळ्यांसमोर येणं ही एकच घटना की दोन. दोन आहेत, मध्ये सात वर्षांचं संकट आहे आणि विश्वासणारे त्याआधीच गुपचूप उचलले जातील, ही मांडणी पद्धतशीर पसरवली ती जॉन नेल्सन डार्बी ह्या प्लिमथ ब्रदरनवाल्याने (एक प्रोटेस्टंट पंथ), १८३० नंतरच्या काळात. मग १९०९ मध्ये स्कोफिल्डचं टिपांसकट बायबल आलं आणि खालच्या टिपा लोक वरच्या वचनाइतक्याच भक्तीने वाचायला लागले. विरोधक म्हणतात अठराशे वर्षं कोणाला दिसलं नाही ते अचानक कसं दिसलं. समर्थक म्हणतात उशिरा दिसलं म्हणून खोटं होत नाही. आणि रॅप्चर मानणाऱ्यांतही संकटाआधी, संकटाच्या मध्यावर आणि संकटानंतर असे तीन तट आहेत, तेव्हा 'बिलिव्हर लोक असं मानतात' हे वाक्यच टाळा.

माझं मत विचाराल तर हा उतारा कशासाठी लिहिला ते आधी बघा. थेस्सलनीकातली माणसं त्यांच्यातले काही मेले म्हणून कासावीस झाली होती आणि पौल त्यांना धीर देतोय, अध्यायाचं शेवटचं वचनच आहे की ह्या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. बायकोच्या मावशीच्या अंत्यविधीला हेच वाचन झालं. मागच्या बाकावर साडू मला कोपर मारून म्हणाला, 'बघ, रॅप्चर.' पुढच्या बाकावर मावशीची मुलगी रडता रडता जरा थांबली, कारण तिने ऐकलं ते 'आई उठेल' एवढंच. जोड कुठे लावायचा ह्याच्या आधी हा उतारा कोणासाठी आहे ते मला तिच्याकडे बघून जास्त कळलं.

६. तारीख सांगणारा भेटला तर

त्याला तीन गोष्टी विचारा. मोजायला सुरुवात कुठल्या सालापासून केली आणि का? एक दिवस म्हणजे एक वर्ष हे इथे लावलं, मग हजार वर्षांच्या वचनाला का नाही लावत? आणि आधी कोणी हेच गणित केलं होतं का?

उदाहरण घ्या, विल्यम मिलर, अमेरिकेतला शेतकरी. दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षं धरली (गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६ ह्यांचा आधार), इ.स.पू. ४५७ पासून मोजली, शून्य साल नसतं म्हणून एक वर्ष पुढे, झालं १८४४. त्याच्या अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. हजारो लोक थांबून राहिले, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. त्यातल्याच काहींनी तारीख बरोबर पण घटना स्वर्गातली होती असा अर्थ लावला, आणि त्यातून १८६३ मध्ये सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट चर्च उभं राहिलं. पुण्याचं स्पायसर कॉलेज त्यांचंच. आज ते तारखा देत नाहीत हेही लक्षात असू दे, जुनं उकरून त्यांच्या तोंडावर मारू नका.

यहोवाचे साक्षीदार १९१४ वर येतात ते असंच, इ.स.पू. ६०७ पासून २५२० वर्षं. अडचण ही की यरुशलेम पडलं ते इतिहासकार ५८७ किंवा ५८६ ला धरतात. मग २०११ मध्ये अमेरिकेतला रेडिओवाला हॅरॉल्ड कॅम्पिंग, आधी २१ मे, ती टळल्यावर २१ ऑक्टोबर.

प्रोटेस्टंटांनाच हसू नका. पोर्तुगालचा मोठा जेझुइट वक्ता आंतोनियु व्हिएरा दानीएल २ मधल्या स्वप्नातल्या पुतळ्यावरून सांगायचा की चार साम्राज्यांनंतरचं पाचवं साम्राज्य पोर्तुगालचं असणार, आणि मेलेला राजा चौथा जुआंव परत उठणार. इन्क्विझिशनने त्याला १६६५ ते १६६७ आत ठेवलं. भविष्यवाणीत आपलाच देश सापडणं हा फार जुना आजार आहे.

येशूने स्वतः मत्तय २४:३६ मध्ये तो दिवस नि ती घटका पित्याशिवाय कोणाला ठाऊक नाही असं सांगून ठेवलंय, त्यावर तारीखवाले म्हणतात दिवस कळणार नाही पण वर्ष कळेल. ह्यावर वाद घालू नका, वेळ जातो.

७. फॉरवर्ड आला की

आधार कार्ड, लसीचं सर्टिफिकेट, क्यूआर कोड, त्याआधी बारकोड, सगळ्यांना श्वापदाची खूण ठरवून झालंय. उत्तर देण्याआधी प्रकटीकरण १३ उघडून पान उलटा. १४:१ मध्ये कोकऱ्याच्या माणसांच्याही कपाळावर नाव लिहिलेलं आहे. ते नाव जर कोणी चिप मानत नसेल तर पहिली खूणच चिप का? शिवाय अनुवाद ६:८ मध्ये देवाची आज्ञा हातावर नि कपाळावर बांधा असं आहे, आणि मूळ यहुदी वाचकाला तेच आठवलं असणार. उलट बाजूने एवढं मान्य करा की अध्यायात खरेदी-विक्री बंद होण्याची गोष्ट आहे, त्यामुळे पैशाच्या व्यवहारावर सरकारचा ताबा आला की लोक दचकतात ते अगदीच उगाच नाही.

फरात नदी आटली (१६:१२), लाल कालवडी इस्रायलला नेल्या (२०२२ मध्ये टेक्सासहून पाच खरंच नेल्या, गणना १९ वाचा), १९४८ ला देश झाला म्हणून एक पिढी मोजा, हे सगळं त्याच चाळणीतून घाला: बातमी खरी का, वचन त्या अध्यायात काय सांगतं, आणि दोन्हींमधला जोड कोणी लावला. बातमी बहुतेक वेळा अर्धी खरी असते. जोड वचनात नसतो.

कॅथलिक ग्रुपवर वेगळी तऱ्हा, तीन दिवसांचा काळोख, आशीर्वादित मेणबत्त्या साठवा, फातिमाचं (पोर्तुगालातल्या मरियेच्या दर्शनाचं) तिसरं रहस्य दडवलं वगैरे. ते रहस्य व्हॅटिकनने २६ जून २००० ला छापलंय. आणि खासगी दर्शनं श्रद्धेच्या ठेव्याचा भाग नाहीत हे कॅटेकिझमच्या परिच्छेद ६७ मध्ये आहे, तो नंबर पाठ करून ठेवा, सासूसमोर उपयोगी पडतो.

८. बसून बोलताना

समोरच्याला आधी त्याचं सगळं सांगू द्या, मग विचारा 'हे कुठल्या वचनात?' आणि तो सांगेल ते तिथेच उघडून दोघांनी वाचा, मोबाईलवर नको, पुस्तक घ्या, मोबाईलवर फक्त एक वचन दिसतं आणि आजूबाजूचं गायब होतं. कोणी आजारी असेल किंवा घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर हा विषय काढूच नका. लहान मुलं ऐकत असतील तर श्वापद नि टोळ जरा बाजूला ठेवा, आमच्याकडच्या एका पोराने घरात कोणी दिसलं नाही की सगळे रॅप्चर झाले म्हणून रडायला सुरुवात केली होती, आई मागे विहिरीवर होती. हिंदू मित्राने 'म्हणजे कल्की अवतारासारखंच ना' म्हटलं तर चिडू नका आणि लगेच हो पण म्हणू नका, त्यालाही पान उघडून दाखवा.

आणि शेवट जवळ आलाय म्हणून नोकरी सोड, जमीन विक, पैसे मिनिस्ट्रीला दे, औषध बंद कर असं कोणी सांगायला लागला तर तिथे अर्थ लावण्याचा वाद संपला, तिथून उठायचं आणि घरच्यांना सांगायचं. २ थेस्सलनीकाकरांस ३:१० पौलाने अशाच लोकांना लिहिलंय ज्यांनी कामधंदा सोडला होता, काम करत नसेल त्याने खाऊपण नये.

वाचायला घ्यायचा क्रम सांगतो. आधी मत्तय २४, मग दानीएल ७ आणि लगेच प्रकटीकरण १३, कारण प्रकटीकरण १३ हे दानीएल ७ च्या डोक्यावर उभं आहे, चार श्वापदांचं एक केलंय. मग दोन्ही थेस्सलनीकाकर पूर्ण, छोटी पत्रं आहेत. मग अख्खं प्रकटीकरण. दानीएल ९ वहीत बेरजा मांडून, एकदा इ.स.पू. ४५७ पासून आणि एकदा इ.स.पू. ४४५ पासून (यरुशलेम पुन्हा बांधायच्या हुकुमाची लोक धरतात ती दोन सालं), दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहा. दानीएल ११ मात्र सगळ्यात शेवटी ठेवा, उत्तरेचा राजा नि दक्षिणेचा राजा म्हणजे सिरियाचे सेल्युकिद आणि इजिप्तचे टॉलेमी ह्यांची घराणी, आणि त्यांची लग्नं नि लढाया कळायला शेजारी नकाशा आणि राजांची यादी लागते, नाहीतर पाचव्या वचनातच झोप येते.